गुणवंतराव गोड बोलतात

सुगंधाबाईनं नवऱ्याला डॉक्टरसमोरच्या स्टुलावर बसवलं, पडू नये म्हणून मागून त्याचे खांदे धरले आणि तक्रार सांगितली.

"डॉक्टरसाहेब, हे गोड बोलून राह्यले."

डॉक्टर रामटेक्यांनी मान वर केली. गुणवंतराव नाकेदार त्यांचे जुने पेशंट. यकृत कधीचंच कामातून गेलेलं, पोट पाण्यानं तट्ट फुगलेलं. आवाज मात्र असा, की ते ब्रह्मपुरीच्या या दवाखान्यात शिरले की बाकीचे आजारी सरळ बसत. जंगलखात्यातून निवृत्त झाल्यावर ओरडायला लाकूडचोर उरले नव्हते. ती उणीव बायको भरून काढत होती.

"ताप?"

"नाई."

"पोट दुखते?"

"नाई," गुणवंतरावच हसून म्हणाले. "तुमी जेवले का, भाऊ?"

डॉक्टरांचं पेन थांबलं. मागच्या खेपेला याच माणसानं त्यांना ढोराचा डॉक्टर म्हटलं होतं.

"सकाळी मले म्हणते, बस सुगंधा, चहा मी मांडतो," सुगंधाबाई म्हणाली. "जनमभर चूल कुठी हाय ते ठाव नाई यायले. चहात मीठ टाकलं."

"मग?"

"पेली ना."

डॉक्टरांनी पोटात सुई घालून थोडं पाणी काढलं. तांदळाच्या धुवणासारखं गढूळ आलं.

"पाण्यात जंतू झाले, बाई. अशा माणसाला ताप येतोच असं नाही. डोकं भ्रमतं, वागणं बदलतं. म्हणून तर बजावलं होतं, फरक दिसला की निघायचं. कधीपासून आहे हे?"

सुगंधाबाईनं पदर सारखा केला.

"आज सकाळपासून."

"परवा हिच्या पायाले तेल चोळून देल्लं मी," गुणवंतराव कौतुकानं म्हणाले.

डॉक्टरांनी सुगंधाबाईकडे पाहिलं. सुगंधाबाईनं गढूळ पाण्याच्या बाटलीकडे.

त्यांना भरती केलं. सलाईन लागलं, सुया सुरू झाल्या. दोन दिवस त्यांनी नर्सबाईंना माय म्हटलं. सगळे घाबरून होते. मग एका सकाळी वॉर्ड दणाणला.

"काऊन वं, चहा होय का भांड्याचं धुवण? अक्कल कुठी ठेवून आली?"

नर्सबाई आनंदानं डॉक्टरांना बोलवायला पळाल्या. डॉक्टरांनी येऊन नाडी पाहिली, डोळे पाहिले, शिव्या ऐकल्या आणि समाधानानं मान हलवली.

"वाचले. पण थोडक्यात, बाई. पुन्हा गोड बोलायला लागले की लगेच घेऊन यायचं."

सुगंधाबाईनं खाटेखाली भिरकावलेला कप उचलून पदरानं पुसला.

"लगेच?" तिनं विचारलं.