भिजलं म्हणायचं नाही

नाव : ठेवलेलं नाही.
जीव : नऊशे.
वार : चुकत नाही.
कमजोरी :

(पुढं रिकामं. खेळातल्या शत्रूचा हा कागद ज्ञानेशनं दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहिला. आई आत अकरा दिवस होती. बाराव्या दिवशी गेली. कागद पॅन्टच्या खिशात एकदा धुतलाही गेला, तरी अक्षर टिकलं. आज तीन महिन्यांनी जळोचीतल्या घराच्या माडीवर त्यानं तो उघडला.)

उरलेला जीव : बासष्ट

तो तिघांचा मिळून. दिग्विजयच्या लढवय्याचा चाळीस, निकिताच्या वैदिणीचा अठरा, आणि स्वरूपाच्या काठीवाल्या म्हातारीचा चार.

चार वर्षं दर रविवारी दुपारी हा खेळ चालायचा. ज्ञानेश गोष्ट सांगायचा, तिघं त्या गोष्टीतली माणसं होऊन आपण काय करणार ते बोलायची, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा. फासा पडायचा ज्ञानेशच्या आईच्या, सिंधुबाईंच्या काठवटीत. ती लाकडी काठवट भाकरी थापून थापून मधे गुळगुळीत झाली होती. सिंधुबाई म्हणायच्या, "घ्या, पण संध्याकाळच्या आत द्या."

दिग्विजय वरकुट्याचा, भेंडी-दोडका लावायचा. स्वरूपा त्याची बायको. निकिता बारामतीत औषधाच्या दुकानात बसायची. तिघांनी चार वर्षं खपून आपापली माणसं वाढवली होती. आज ज्ञानेश ती मारणार होता. मग खेळ बंद, काठवट फडताळात. त्याला त्याचं वाईट वाटत नव्हतं, बरंही वाटत नव्हतं. कचऱ्याची गाडी यायच्या दिवशी डबा बाहेर ठेवावा, तसं ते होतं.

"तलवार काढली!" दोघींचे वार हुकल्यावर दिग्विजय मांडी ठोकून म्हणाला.

"आवो, घरी पाल मारायला मला हाक मारता, अन् हितं तलवार," स्वरूपा म्हणाली.

फासा एकोणीसवर थांबला.

"वीस जीव गेले त्याचे," ज्ञानेशनं सांगितलं.

"राहिले किती?"

"आठशे ऐंशी."

"आरं, राक्षस हाय का धरण?"

मग शत्रूची पाळी आली. ज्ञानेशनं फासा उचललाच नाही. लढवय्या आडवा झाला.

उरलेला जीव : बावीस

"याला कमजोरी काय दिलीस?" निकितानं विचारलं.

"काही नाही."

"विसरलास?"

"नाही."

"पळून जाऊ मग."

"दार बंद आहे."

"बोलून बघू त्याच्याशी."

"त्याला कान नाहीत."

चहात साखर किती, असं विचारावं त्या आवाजात तो हे सांगत होता. निकिता वाकून कागदाकडं बघत राहिली. म्हातारीची काठी पुन्हा हुकल्यावर निकितानं झाडपाला लावून लढवय्याला उठवायचा प्रयत्न केला. फासा दोनवर. शत्रूनं वैदिणीला पाडलं.

उरलेला जीव : चार

दोघं पडली होती, मेली नव्हती. पण म्हातारी पडली की सगळंच संपणार होतं.

पाळी कुणाची आधी, हा नियम दिग्विजयनं पहिल्याच रविवारी घालून घेतला होता. त्याचं रान कालव्याच्या टेलला, अगदी शेवटच्या टोकाला. वरच्यांचं भिजून उरेल ते पाणी त्याला. "निदान कागदावर तरी टेलला आधी पाणी द्या," म्हणाला होता. म्हणून ज्याचा जीव सगळ्यांत कमी, तो आधी. शत्रू सगळ्यांत शेवटी. आणि रानात पाण्याची दारं धरणारा माणूस रान भिजलं की पुढच्याला हाळी देतो, तसं पाळी संपली की म्हणायचं, भिजलं. तोवर काठवटीतला फासा कुणी उचलायचा नाही.

स्वरूपानं फासा टाकला. तीन.

"काठी हुकली," ज्ञानेश म्हणाला आणि थांबला.

स्वरूपा पदराशी चाळा करत बसली.

"वहिनी, भिजलं म्हणा."

"न्हाय भिजलं अजून."

दिग्विजयनं बायकोकडं बघितलं आणि एकदम हसला. "टेलचं रान हाय, ज्ञाना. येळ लागतो."

ज्ञानेशनं नियमांची वही काढली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिली. पाळी किती वेळ ठेवायची, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. चार वर्षांत कुणाला लिहावंसं वाटलंच नव्हतं. भिजलं की माणूस हाळी देतोच, हे चौघांनी धरूनच चाललं होतं.

"कधी भिजेल?"

"बघू की. पुढच्या रविवारी येते बघायला."

"मला खेळ बंद करायचाय," तो म्हणाला.

कुणी दचकलं नाही.

"माहितीये," निकिता म्हणाली. "कागदावरची ती रिकामी जागा बघितली तेव्हाच कळलं."

"करा की बंद, भावजी," स्वरूपा म्हणाली. "पण आदी माझी पाळी तर संपू द्या."

आपल्याला राग यायला पाहिजे, असं त्याला वाटलं. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली. राग आला नाही.

उरलेला जीव : चार

जिना वाजला. ज्ञानेशचे वडील रामहरी वर आले. आई गेल्यापासून भाकरी तेच करायचे. हाताला पीठ होतं.

"ज्ञाना, काठवट मोकळी झाली का?"

ज्ञानेशनं काठवटीत पाहिलं. फासा तीनवर होता.

"नाही, आबा."

"बरं. परातीत मळतो मग." ते दारात थांबले. "किती जणांच्या टाकू?"

त्यानं समोरच्या तिघांकडं पाहिलं.

"पाच," तो म्हणाला.

रामहरी खाली गेले. त्यानं कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. थोड्या वेळानं खालून परातीत भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला, पत्र्यासारखा. काठवटीचा आवाज असा नव्हता.