घासाघीस न करणारा माणूस

संग्राहक पैशासाठी संग्रह विकत नसतो; तो त्याला योग्य वारस शोधत असतो. आमच्या विमा-तपासनिसाने आपल्या फुटबॉलपटूंच्या कार्डांची जाहिरात ऑनलाइन टाकली, तिच्याखाली मात्र ‘किमतीत थोडंफार कमी-जास्त होईल’ असं लिहिलं. कॉलेजपासून जमवलेली ती हजारो कार्डं बायकोच्या मते रद्दी होती, आणि तिने रद्दीवाल्याला यायला सांगूनही ठेवलं होतं. तिला खोटं पाडायचं, तर त्याआधी कुणीतरी चांगल्या किमतीला ती मागायला हवी होती.

दुसऱ्याच दिवशी एकाने मागितली. सगळीच्या सगळी, सांगितलेल्या किमतीला.

तपासनिसाची झोप उडाली. जळालेल्या गोदामांचे दावे तपासण्यात हयात गेलेली. इतका सरळ माणूस त्याने पाहिलाच नव्हता. त्याने मेहुण्याला बोलावलं. मेहुणा म्हणजे डॉक्टरने दिलेली गोळी आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवणारा. त्याने जाहिरातीतले फोटो मोठे करकरून पाहिले आणि निदान केलं, की ढिगात एखादं दुर्मीळ कार्ड आहे, घेणाऱ्याने ते हेरलंय आणि दाजींना त्याचा पत्ता नाही.

तपासनिसाने किंमत वाढवून पाहिली. घेणारा ‘बरं’ म्हणाला. आवडता खेळाडू कोण, असं आडून विचारलं, तर कुणीही चालेल म्हणाला. वर त्याने एकच चौकशी केली: सगळी कार्डं एकाच जाडीची आहेत ना?

“बघा दाजी, जाडीवरून ओळखतात हे लोक,” मेहुणा म्हणाला. “मुरलेला दिसतोय.”

अख्खा रविवार दोघे भिंग घेऊन हॉलमध्ये पालथे पडले. बायकोने केर काढताना विचारलं, की रद्दीत काय हरवलंय. तपासनीस फक्त हसला. दुर्मीळ कार्ड काही सापडेना, तेव्हा मेहुण्याने सापळा सुचवला: चकचकीत, सहीची, भारीतली कार्डं वर मांडायची आणि माणसाचा हात कुठे जातो ते बघायचं.

माणूस आला. चहा नको म्हणाला, हेही मेहुण्याने लक्षात ठेवलं. त्याने खिशातून जाडी मोजायचा व्हर्निअर काढला आणि त्याचा हात थेट एका कर्णधाराच्या सहीच्या कार्डावर गेला. मेहुण्याने दाजींना कोपर मारलं. बायकोही दारात येऊन उभी राहिली. माणसाने कार्ड मोजलं, बाजूला ठेवलं, मग तसलीच आणखी वेचून त्यावर रचली आणि तो गठ्ठा तपासनिसाच्या हातात दिला.

“ही तुम्हालाच ठेवा. जाड आहेत.”

“मग काय बिघडलं?” बायकोने विचारलं.

“टेबल दुसऱ्या बाजूला कलतं, वहिनी.”

तो हॉटेलांमध्ये टेबलं बसवून द्यायचा. डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवायला, वाढवलेल्या किमतीतही, लाकडी पाचरीपेक्षा कार्ड स्वस्त पडत होतं.