बिनफ्लॅशचे फोटो

शनिवारी सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी आत्याने बाळाचा फोटो काढला आणि फोनचा फ्लॅश चमकला.

तिने तो मुद्दाम लावला नव्हता. खोलीचा पडदा ओढलेला होता, फोनला अंधार वाटला, फ्लॅश आपोआप लागला. एकोणीस दिवसांच्या बाळाने डोळे मिटले, ओठांचा चंबू केला आणि ते पुन्हा छताकडे बघायला लागलं. रडलंसुद्धा नाही. आत्याने मान वळवून आधी दाराकडे पाहिलं. आजी स्वयंपाकघरात होती. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

लपवण्यासारखं कारण होतं. बाळ जन्मलं त्याच दिवशी आजीने फर्मान काढलं होतं : बाळावर फ्लॅश मारायचा नाही, डोळे जातात. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती हे आत पाऊल टाकण्याआधीच ऐकवायची. एकाने चुकून फोन वर धरला, तर तिने त्याच्या हातावर पंचा टाकला होता.

आत्या हा फोटो हौसेने काढत नव्हती. दुसऱ्या दिवशी, रविवारी अकरा वाजता, फोटोवाली घरी येणार होती. घरोघरी जाऊन नव्या बाळाचे आणि घरच्या माणसांचे फोटो काढणं हाच तिचा धंदा. स्टुडिओ नाही, टोपल्या नाहीत, पंख लावलेली बाळं नाहीत. माणसं घरात असतात तशी, सहज. भावाच्या दुसऱ्या बाळाला आत्याने हीच भेट दिली होती, आणि भेट दिल्यावर तिची अंमलबजावणीही स्वतःकडे घेतली होती. ती औषधांच्या गोदामात माल पाठवण्याचं काम बघायची. यादी हातात आली की खूण केल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

फोटोवालीची यादी दोन पानी होती. कपडे साधे, एकरंगी. बाळाची नखं कापलेली. खोली उबदार. बाळाचं पोट भरलेलं. आणि शेवटी ठळक अक्षरांत : घर आवरू नका, तुम्ही राहता तसंच दिसू द्या.

या शेवटच्या कलमाने घराचं पार कंबरडं मोडलं होतं. तीन दिवस सगळे न आवरल्यासारखं दिसेल इतकं आवरत होते.

"सहज बसायचं म्हणजे कसं बसायचं?" आजीने शुक्रवारी विचारलं होतं.

"तू बसतेस तशी बस, आई."

"मी बसते कुठे? तुम्ही बसू देता का मला?"

भावाला एरवी घालतो तसा टीशर्ट घालायचा होता. एरवीचे सगळे टीशर्ट बघून आत्याने नवा आणला आणि तो जुना वाटावा म्हणून दोनदा धुतला. पाच वर्षांच्या चिऊने, बाळाच्या बहिणीने, आपण रेनकोट घालणार असं जाहीर केलं होतं. "सहज घालणार," असं ती म्हणाली. बाळ मुठी वळून झोपायचं, म्हणून त्याला सगळे पैलवान म्हणायचे. त्याची नखं कापायची हिंमत मात्र अजून कुणाची झाली नव्हती.

उजेड कुठून येतो ते कळावं म्हणून फोटोवालीने प्रत्येक खोलीचा त्याच वेळेचा एकेक फोटो मागितला होता. जमलं तर एखाद्यात बाळ असू द्या, असंही तिने लिहिलं होतं. आत्याने चार फोटो पाठवले. बाळाच्या खोलीचा तोच पाठवला. फ्लॅशचा. दुसरा काढायला पडदा सारावा लागला असता, आणि भावजयीचा नुकता डोळा लागला होता.

अकरा एकतीसला फोन वाजला.

"ताई, बाळाच्या खोलीचा फोटो बघितला मी."

"फ्लॅश पडलाय, माहितीये," आत्या हळू आवाजात म्हणाली. "आपोआप लागला हो. अर्ध्या तासाने दुसरा पाठवते."

"ते राहू द्या. तुम्ही फोटो मोठा करून बघा. बाळाचे डोळे बघा."

आत्याने दोन बोटांनी फोटो ताणला. एका डोळ्याची बाहुली लाल होती, फ्लॅशच्या फोटोंत सगळ्यांची असते तशी. दुसरी लाल नव्हती, काळीही नव्हती. कागदाला टाचणीने भोक पाडून तो उजेडासमोर धरावा, तशी ती पांढरी होती.

"हे काय आहे?"

"मला माहीत नाही. मी डॉक्टर नाही. कधीकधी नुसत्या कोनामुळेही होतं. पण डॉक्टरांना दाखवा. आजच."

"तुम्ही हे आधी पाहिलंय?"



"सोळा वर्षांत दोनदा. एकदा काहीच निघालं नव्हतं."

"आणि दुसऱ्यांदा?"

"आज दाखवा, ताई. उद्याचं उद्या बघू."

फोन ठेवल्यावर आत्या बाथरूममध्ये गेली आणि कडी लावून बादलीवर बसली. तिच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, तेही आजीच्या आवाजात : डोळे जातात. तिने फोटो पुन्हा उघडला. खाली कोपऱ्यात पुसून टाकायचं चिन्ह होतं. अंगठा त्यावर होता. पुसला तर घरात कुणाला कळणार नव्हतं. फोटोवाली परकी. उद्या येईल, फोटो काढेल, जाईल. पण अंगठा खाली जाईना. शेवटी ती नळाला धरून उठली.

स्वयंपाकघरात भाऊ पायपुसणं कुठे टाकलं तर सहज वाटेल याचा विचार करत उभा होता. आत्याने फोन त्याच्या हातात दिला आणि जे घडलं ते जसं घडलं तसं, वेळेसकट सांगितलं.

भावाने फोटो पाहिला. मग फोन आजीकडे दिला. आजीने चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला.

"फ्लॅश मारलास?"

"आपोआप लागला, आई."

"एकोणीस दिवस मी घसा फोडून सांगतेय!" आजीचा आवाज चिरकला. "बाहेरच्यांनी ऐकलं. आणि घरच्याच पोरीने..."

"ताई, आधी असं नव्हतं," भाऊ म्हणाला. तो स्वतःच्या फोनवर बाळाचे फोटो भराभर सरकवत होता. तीनशेच्या वर होते. हसताना, झोपताना, जांभई देताना, चिऊच्या मांडीवर. खिडकीच्या उजेडात काढलेले, दिव्याखाली काढलेले. डोळे उघडे असलेल्या सगळ्या फोटोंत दोन्ही बटणांसारखे काळेभोर. "हे बघ. कालचा. परवाचा. कशातच नाही. तुझ्या फोटोनंतरच झालंय हे."

 आत्यालाही तसंच वाटत होतं.

"नंतर नाही," दारातून आवाज आला.

भावजय उठून आली होती. बाळ तिच्या खांद्यावर होतं. तिने एका हाताने फोन घेतला आणि फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. 

"फोटोनंतर नाही, फोटोतच आहे. फ्लॅश पडला त्याच क्षणाचा आहे ना हा? मग त्याच्या आधीपासून असणार." ती नवऱ्याकडे वळली. "आणि तुझ्या तीनशे फोटोंत फ्लॅश कुठे आहे?"

 आजीने ओट्यावरचं पातेलं उगाच उचलून दुसरीकडे ठेवलं.

"धर याला," भावजय नवऱ्याला म्हणाली. "तोंड माझ्याकडे कर. ताई, फ्लॅश कसा लावायचा?"

"अगं, पुन्हा?" आजी पुढे आली. "एकदा मारला तेवढा पुरे नाही झाला? डोळा आहे तो!"

"आई, मला बघायचंय."

"मी म्हणते नको!"

"तुम्ही त्याची आजी आहात," भावजय म्हणाली. "मी बघणार."

आत्याने फ्लॅश लावून फोन तिच्या हातात दिला. पहिल्या फोटोत पैलवानाचे डोळे मिटलेले होते. दुसऱ्यात दोन्ही बाहुल्या लाल आल्या. भाऊ मोठ्याने हसला, त्याचे डोळे भरून आले आणि तो म्हणाला, "बघ! काही नाही! कोन होता नुसता!" आजी खुर्चीत बसली. भावजयीने मात्र फोन खाली घेतला नाही. बाळाची नजर जरा बाजूला गेली तेव्हा तिने तिसरा काढला.

तिसऱ्यात डावी बाहुली पांढरी होती.

चिऊ रेनकोट घालून दारात आली. "मी अशी उभी राहू?" तिने विचारलं. मग ती तशीच उभी राहिली.

बाळांचे डॉक्टर दोन गल्ल्या सोडून होते आणि एक वाजता दवाखाना बंद करायचे. बारा चाळीसला भाऊ, भावजय आणि आत्या बाळाला घेऊन तिथे पोचले. आजी चिऊपाशी घरी थांबली.

डॉक्टरांनी फोटो पाहिले. दिवे घालवले, दार लावून घेतलं आणि हातातल्या छोट्या यंत्रातून बाळाच्या उजव्या डोळ्यात पाहिलं. मग डाव्या. मग पुन्हा डाव्या. दिवा लावल्यावर त्यांनी बाळाच्या जन्माच्या वेळचा कागद मागितला. त्यात डोळ्यांपुढे लिहिलं होतं : पापण्या सुजलेल्या, नीट तपासता आले नाहीत, पुढच्या भेटीत पाहावे. पुढची भेट सहाव्या आठवड्यात होती.

"उजवा ठीक वाटतोय," डॉक्टर म्हणाले. "डाव्यात आतून जो लाल प्रकाश परत यायला हवा, तो येत नाहीये."

"म्हणजे काय?" भावाने विचारलं.

"कारणं बरीच असतात. जन्मतः मोतीबिंदू असतो काही बाळांना. आतल्या पडद्याला काही असू शकतं. मी अंदाज करणार नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात मी फोन करतो, तुम्ही इथूनच जा."

आत्याला राहवलं नाही. "डॉक्टर, फ्लॅशमुळे झालं असेल का? मीच मारला होता."

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिता लिहिता वर पाहिलं. "फ्लॅशने डोळ्याला काही होत नाही हो. फ्लॅशमुळे नुसतं दिसलं."

भावजयीने आत्याचा हात धरला आणि सोडला. भाऊ गाडीची किल्ली शोधत होता. ती त्याच्या हातातच होती.

गाडीत आत्याने आजीला फोन लावला. पहिल्याच घंटीला तिने उचलला.

"काय म्हणाले?"

"मोठ्या दवाखान्यात पाठवलंय. अजून काही नक्की नाही."

"फ्लॅशनेच ना?"

"नाही आई. फ्लॅशने काही होत नाही म्हणाले. उलट फ्लॅशमुळे कळलं."

पलीकडे चिऊ काहीतरी गुणगुणत होती.

"म्हणजे कुणी आधीच मारला असता..." आजी म्हणाली.

"आई, तसं काही नसतं."

"पहिल्याच दिवशी ते आले होते ना, मी हातावर पंचा टाकला त्यांच्या..."

"आई, ऐक तरी."

"एकोणीस दिवस," आजी म्हणाली. "तू ठेव फोन."

आत्याने ठेवला नाही. आजीनेच ठेवला.

डोळ्यांच्या दवाखान्यात दोन वाजून दहा मिनिटांनी नाव नोंदवलं गेलं. बाहुल्या मोठ्या करणारं औषध दर पंधरा मिनिटांनी, असं तीनदा घातलं. पैलवान प्रत्येक थेंबाला मुठी आपटून रडला, मग आईच्या हातावर झोपला. भिंतीवरच्या पाटीवर अक्षरं वरून खाली बारीक होत गेली होती. भाऊ ती वाचत बसला. शेवटच्या ओळीपर्यंत गेला आणि पुन्हा वरून सुरुवात केली.

तीन वीसला तरुण डॉक्टरीण बाळाला घेऊन आत गेली. आईबापांना आत घेतलं, आत्या बाहेर राहिली. आतून बाळाचं रडणं आलं, थांबलं, पुन्हा आलं. चार पाचला डोळ्याची सोनोग्राफी झाली. चार पंचवीसला तिघंही बाहेर बाकावर होते आणि डॉक्टरीण त्यांच्यासमोर उभी होती.

"डाव्या डोळ्यात मागच्या बाजूला काहीतरी दिसतंय," ती म्हणाली. "ते काय आहे हे मी एकटी सांगणार नाही. मोठ्या सरांना बोलावलंय, ते निघालेत. गरज पडली तर बाळाला थोडी भूल देऊन बघावं लागेल. म्हणून आता दूध देऊ नका."

"त्याला दिसतं का?" भावजयीने विचारलं.

"उजव्याने दिसत असणार. या वयात दिसतं तेवढं."

"डाव्याने?"

"सरांना येऊ द्या."

आत्याच्या फोनवर फोटोवालीचा निरोप येऊन पडला होता : "काय म्हणाले? उद्याची वेळ मी मोकळी सोडलीय." आत्याने उत्तर लिहायला घेतलं. 'बघत आहेत' एवढं लिहून झालं, पण ते तिने पाठवलं नाही.

पावणेपाचला बाळ भुकेने उठलं. भावजय त्याला घेऊन बाकापासून जिन्यापर्यंत आणि जिन्यापासून बाकापर्यंत फिरू लागली. बाळ मान वळवून तिच्या अंगाशी तोंड नेत होतं आणि ती ते हलकेच बाजूला करत होती. भाऊ दोनदा "मी घेतो" म्हणाला. तिने दोन्ही वेळा मान हलवली.

पाच वीसला मोठे डॉक्टर जिना चढून आले. त्यांनी बाकावरच्या कुणाकडे पाहिलं नाही. डॉक्टरीण बाळाला आणि भावजयीला आत घेऊन गेली. भाऊ उठून त्यांच्या मागे गेला, तेव्हा नर्सने त्याला हाताने थांबवलं आणि सही करायला एक कागद दिला. भुलीच्या परवानगीचा होता. त्याने सही केली. पाच चाळीसला भावजय रिकाम्या हातांनी बाहेर आली.

सहा वाजून पाच मिनिटांपर्यंत, बाळ आत असलेल्या त्या खोलीचं दार पुन्हा उघडलं नव्हतं.