पेडगावच्या पळीची कबुली

मित्रांनो, आधी नाक मुरडू नका! मी एक जुनी, दांडा वाकलेली लोखंडी पळी आहे. बैलगाडीच्या चाकाची झिजलेली धाव, म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी, पेडगावच्या लोहाराने तापवली, ठोकली, आणि तिच्यातून मी झाले. निजामाचं राज्य होतं तेव्हा. व्यंकटराव आणि त्यांच्या बायको कडूबाई यांच्या घरात पन्नास पानांच्या पंगतीला मी एकटी पुरायची. "कडूबाईच्या पळीलाच चव हाय," असं बाया म्हणायच्या, आणि मी काय फुगायची म्हणता!

खरं तर चव त्या घरच्या वांग्याच्या भाजीची होती. भाजीचं तेल माझ्या खोलगटात साचायचं, आणि मला ते फार मिरवायला आवडायचं. आज ते आठवलं की गंजापेक्षा जास्त बोचतं.

त्या घरात पोखर्णीची कोकिळा सून म्हणून आली. पहिल्याच दिवशी हळूच म्हणाली, "आत्याबाई, मला वांगं चालत न्हाई. तोंड सुजतंय, दम कोंडतोय."

कडूबाई खो-खो हसल्या. "अगं माय! निजामाची लेक हायस का काय? वांग्यानं कुणाचा दम कोंडलाय का कधी?"

कोकिळा रोज कोरडी भाकरी खायची. कडूबाईंना तो माज वाटायचा. शेवटी त्या म्हणाल्या, "येळवशीला तुझ्यापुरती बिनवांग्याची भज्जी करते. ती खाऊनबी तोंड वाकडं केलंस, तर सोंगच म्हणायचं. मग जा तुझ्या माहेराला, कायमची!"

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. सगळं घर शेतात जेवतं, आणि पानात भज्जी हवीच, म्हणजे दाण्या-भाज्यांची मिसळ भाजी. कडूबाईंनी शब्द पाळला. तुरीच्या-वालाच्या दाण्यांची वेगळी भज्जी छोट्या भगुन्यात आणली. पण मित्रांनो, भगुनी दोन आणि पळी एकच! विहीर लांब. मोठ्या भगुन्यातली वांग्याची भज्जी वाढून झाली, तशी कडूबाईंनी मला ज्वारीच्या पानाने पुसलं आणि छोट्या भगुन्यात बुडवलं. माझ्या खोलगटात वांग्याचं बी चिकटलेलं होतं. मला ठाऊक होतं. पण मी काय बोलणार?

कोकिळाने विश्वासाने चार घास खाल्ले. मग ओठ सुजले, डोळे मिटत आले, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला.

"बघा सोंग! वांग्याचा तुकडा न्हाई त्यात!" कडूबाई ओरडल्या.

"सोंगानं ओठ सुजतेत का, येडे?" व्यंकटरावांनी मला उचलून उन्हात धरलं. "हे बी कशाचं हाय? कोणत्या भगुन्यात घातली व्हती ही?"

कडूबाईंचा चेहरा राखेसारखा झाला. त्याच धावल्या आणि सुनेला पाठीवर घेऊन बांधाबांधाने गावातल्या हकिमाच्या दारात पोचल्या. मला व्यंकटरावांनी तिथेच मातीत टाकलं होतं. संध्याकाळपर्यंत मी पडून होते. कोकिळा जगली की नाही, मला कुणी सांगितलं नाही.

जगली! दुसऱ्या दिवशी कडूबाई मला राखेने घासत बसल्या. हात सोलले तरी थांबेनात. "पोरी, मला माफ कर," म्हणत होत्या. कोकिळा म्हणाली, "आत्याबाई, तुमास्नी ठाऊक नव्हतं." खरंच होतं ते. मला मात्र ठाऊक होतं.

त्यानंतर कोकिळा वर्षानुवर्षं त्याच घरात नांदली. पण माझ्याने वाढून घेण्याआधी ती दर वेळी खोलगटात डोकावायची. रागाने नाही, नुसती भिऊन. ती नजर मला अजून सोसत नाही.

म्हणून मित्रांनो, कुणी म्हणालं "मला हे चालत नाही," तर हसू नका, त्याची परीक्षा घेऊ नका. आणि पळी नुसती पुसू नका, धुवा. मला हात नव्हते हो. तुम्हाला आहेत.