बावीस बटणांचा फळा

मी एक जुना फळा आहे. खडूने लिहायचा नव्हे हं, मित्रांनो! मी रजेचा फळा. एका बटणांच्या कारखान्यात, आत शिरल्याबरोबर उजव्या हाताला, घड्याळाच्या खाली माझी जागा होती. अठ्ठेचाळीस माणसं रोज कामाला लागण्याआधी एकदा माझ्याकडे बघून जात. असा मान किती फळ्यांना मिळतो, तुम्हीच सांगा.

कारखान्याच्या सुताराने मला एका जाड फळीतून घडवलं आणि माझ्या अंगावर अठ्ठेचाळीस लांब खिळे ठोकले. प्रत्येक खिळ्याखाली एकाचं नाव. प्रत्येक खिळ्यात ओवलेली बावीस बटणं, कोटाला लावतात तसली मोठी. त्यातली बारा पिवळी, दहा निळी. पिवळं म्हणजे सुट्टीचा एक दिवस. तो आठ दिवस आधी सांगून घ्यायचा. निळं म्हणजे आजारपणाचा दिवस, त्याला आधी सांगायची गरज नाही. रजा घेतली की आपलं बटण काढून ऑफिसातल्या डब्यात टाकायचं. वर्षअखेर उरलेली पिवळी पुढच्या वर्षी चालत, निळी मात्र परत जात.

व्यवस्था चांगली होती. तापाने फणफणलेलं माणूस बिनघोर झोपून राहायचं, कारण ते दिवस त्यासाठीच राखलेले असत. पण खोटं कशाला बोलू? वर्ष सरत आलं की कारखान्यात पोटदुखीची साथ यायची. उरलेली निळी बटणं फुकट कोण घालवणार? ड्रिलवाले काका तर सोंग आणण्यात पटाईत. दोन दिवस कण्हत घरी जायचे आणि तिसऱ्या दिवशी उन्हाने रापलेलं नाक घेऊन यायचे. मासे धरायला गेले होते हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आणि छाननी टेबलावरच्या ताईला मुलाच्या शाळेतल्या कार्यक्रमाला जायचं असलं, तर पिवळी संपलेली आणि निळी जशीच्या तशी! मग तिलाही डोकं धरून बसावं लागे. तिला खोटं बोलणं जमत नसे. कान लाल व्हायचे तिचे.

मग नव्या मॅनेजरबाई आल्या. त्यांनी सगळ्यांना माझ्यासमोर उभं केलं.

"आजपासून बटणांचा एकच रंग, पांढरा. बावीस दिवस तुमचे. आजारी पडा, फिरायला जा, नाहीतर घरी लोळत पडा. का, ते मी विचारणार नाही."

टाळ्या पडल्या आणि माझी छाती फुगली. दुसऱ्याच आठवड्यात ड्रिलवाले काका ताठ मानेने म्हणाले, "बाई, उद्या मासे धरायला चाललोय." त्यांचं इतकं सरळ बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं. ताईही कान लाल न करता मुलाच्या शाळेत जाऊन आली.

घाईत एक चूक मात्र झाली होती. बटणांच्याच कारखान्यात नवी पांढरी बटणं ओतायची सोडून, जुन्यांनाच पांढरा रंग फासला होता. गुळगुळीत बटणावर तो किती टिकणार! बोटं लागून लागून महिन्याभरात कुठे पिवळं डोकावायला लागलं, कुठे निळं.

आता पॉलिशवाल्या काकूंबद्दल सांगतो. बटणांना चमक आणायचं गोल पिंप त्या सांभाळत. त्यांची एकुलती एक लेक परगावी होती, पहिलंच बाळंतपण, आणि तिच्या घरी दुसरं बाईमाणूस नाही. काकूंनी वर्षभर एका बटणाला हात लावला नव्हता. रोज सकाळी मोजायच्या, बावीस भरली की पिंपाकडे जायच्या.

आणि नेमका त्यांना ताप आला. तोंडाला रुमाल बांधून त्या कामावर हजर!

ड्रिलवाले काका म्हणाले, "घरी जा हो काकू. डोळे बघा, इंगळासारखे झालेत."

"जाते, आणि लेकीच्या वेळेला काय करू? सगळे दिवस तिच्यासाठी ठेवलेत. होईल आपोआप बरं."

त्यांनी तीन दिवस ताप अंगावर काढला. चौथ्या दिवशी पिंपापाशीच कोसळल्या. डॉक्टरांनी दहा दिवस सक्तीची विश्रांती सांगितली. तोवर त्यांच्या विभागातली अकरा माणसं तापाने आडवी झाली होती. काकूंच्या खिळ्यावरून दहा बटणं निघाली आणि उरली बारा. मला फार वाईट वाटलं. मी नुसता धरून ठेवणारा, मी काय करणार?

मॅनेजरबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. बटणं निरखता निरखता त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. बऱ्याच खिळ्यांवर निळी बटणं नखाने मुद्दाम साफ खरवडून मागे सारलेली होती.

"हे कोणी केलं?"

ड्रिलवाले काका पुढे झाले. "आम्हीच, बाई. सगळं एकत्र असलं की मन सुट्टीकडेच धावतं. म्हणून निळी दुखण्याखुपण्याला मागे ठेवतो. काकूंनी तेवढी ठेवली नाहीत."

"का बरं?"

"आई आहे ती. स्वतःच्या दुखण्याला दिवस ठेवेल होय?"

बाई तडक मालकांकडे गेल्या. दार उघडंच होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. "माझं अर्धं बरोबर होतं, अर्धं चुकलं," असं त्या सरळ म्हणाल्या. पंधरा पांढरी, कारण न विचारता. दहा निळी, फक्त आजारपणाला. मालक म्हणाले, "म्हणजे तीन दिवस वाढले की!" बाई म्हणाल्या, "अकरा माणसं झोपली, तेव्हा किती दिवस गेले ते मोजलंत का?" मालकांनी होकार दिला.

या वेळी नवी बटणं ओतली. वर्षाच्या सुरुवातीपासूनचा हिशेब धरला, त्यामुळे काकूंचे आजारपणाचे दहा दिवस निळ्यांत गेले आणि खिळ्यावर पंधराच्या पंधरा पांढरी चढली. काकू पदराने डोळे पुसत लेकीकडे गेल्या. सोळाव्या दिवशी परत आल्या त्या नातीचं कौतुक सांगतच.

आता रजा फोनवर मागतात. मी कोठारात भिंतीला टेकून उभा आहे आणि माझे खिळे गंजलेत. त्याचं दुःख नाही. अठ्ठेचाळीस माणसांचे दिवस मी सांभाळले, हे कुठल्या फोनने करून दाखवावं!

एकच मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या घरातलं कोणी अंगात ताप असताना कामावर निघालं, तर दार अडवून उभे राहा आणि विचारा, "रजा कोणासाठी साठवताय?" खरं उत्तर ऐकायची तयारी मात्र ठेवा. बहुतेक वेळा ते तुमचंच नाव घेतील.