बोनेटखालचा टाळ

मी एक जुना, तडा गेलेला मॅनिफोल्ड आहे. नाव ऐकून बिचकू नका, मित्रांनो. गाडीच्या इंजिनात डिझेल जळतं. तिथला तापलेला धूर अंगावर घ्यायचा आणि सायलेन्सरच्या वाटेला लावून द्यायचा, एवढंच माझं काम. बोनेट उघडल्याशिवाय मी दिसत नाही, आणि उघडलं तरी लोक आधी बॅटरीकडे बघतात.

माझा जन्म जाळातला. वाळूच्या साच्यात ओतलं तेव्हा मी पाण्यासारखा वाहत होतो. पुढं घट्ट झालो, पण आगीची संगत काही सुटली नाही. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तो क्षण अजून आठवतो. आतल्या खोल्यांत आळीपाळीनं जाळ होई, आणि एकाचा धक्का दुसऱ्याच्या आड येत नसे. एवढी शिस्त आगीला कुणी लावली असेल, या नवलानंच मी लाल व्हायच्या बेतात आलो होतो.

माझा मालक गोकुळ, देवगाव रंगारीच्या लांबच्या शेतवस्तीवरचा. सकाळी तो पिकअपमध्ये अद्रकाची पोती भरून संभाजीनगरच्या बाजारात नेई. सप्ताहाचे दिवस आले की त्याच हौद्यात ताडपत्री अंथरून वस्तीवरच्याच सूर्यभान महाराजांची कीर्तनमंडळी बसे. मागं पखवाज, पेटी आणि टाळकरी. पुढं गोकुळशेजारी महाराज. महाराजांनी नुसतं नाम घेतलं, तरी मंडपातली रडकी पोरं गप्प होत. असा तो गळा.

तापायचं, निवायचं, पुन्हा तापायचं. असं करता करता एका हिवाळ्यात माझ्या अंगाला केसाएवढा तडा गेला. त्यातून धूर बाहेर फेकला जाऊ लागला. टक् टक्, टक् टक्. दुसऱ्या कुणी गाडी मेस्त्रीकडं नेली असती; पण गोकुळ पडला कीर्तनवेडा. त्या ठेक्यावर तो स्टिअरिंगवर बोटं वाजवत अभंग म्हणू लागला. शेजारच्या सुदर्शननं आवाज ऐकून हटकलं, तर म्हणाला, "अरे, माझी गाडी टाळ वाजवती. लोखंडाला नामाची गोडी लागली, तुला कधी लागायची?"

एवढ्यावर थांबला नाही. अशा गुणी गाडीला पूजा हवी म्हणून केबिनमध्ये रोज उदबत्ती लावू लागला. त्या सुवासात माझ्या धुराचा वास पार बुडून गेला; डोकं जड झालं, तर तो जागरणाला बोल लावी.

त्याच दिवसांत महाराजांचा गळा बसू लागला. त्यांच्या पत्नी आवडाबाई मंडळीत टाळ धरायच्या. त्यांनी ज्येष्ठमध दिलं, खडीसाखर दिली, हळदीचं दूध दिलं. उतार पडेना. अखेर महाराजांनी सांगून टाकलं की आता वय झालं. देवगावच्या सप्ताहाचं काल्याचं कीर्तन करायचं आणि वीणा कायमची उतरवून ठेवायची.

सप्ताह बसला. दुसऱ्या दिवशी गोकुळची आई केसरबाई कीर्तनाला निघाली. म्हातारीला पुढची जागा देऊन महाराज मागं ताडपत्रीवर बसले. पोचल्यावर केसरबाई डोकं धरूनच खाली उतरली, डोळ्यांतून पाणी. आणि महाराजांचा आवाज कितीतरी दिवसांनी थोडा मोकळा लागला. लोक म्हणाले, देवाची कृपा. आवडाबाईंनीही हात जोडले, पण कीर्तन संपताच त्या गोकुळपाशी आल्या.

"पुढं बसलं की गळा बसतो, मागं बसलं की सुटतो. तुझ्या गाडीत हाय तरी काय रं?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच, सगळ्या काचा खाली करून, गोकुळनं गाडी शेंद्र्याच्या रामेश्वर मेस्त्रीकडं नेली. महाराजही मागं बसून आले. रामेश्वरनं बोनेट उघडलं. माझ्या तड्याभोवती काजळी, आणि तिचा माग थेट केबिनमध्ये हवा जाणाऱ्या जाळीपर्यंत. हा धूर बंद काचांत कोंडला तर माणूस झोपल्या जागी जातो, असं तो म्हणाला, तेव्हा गोकुळनं महाराजांचे पाय धरले.

"महाराज, मी तर नामच समजलो."

महाराजांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "टाळकऱ्यानं साथ करावी, गोकुळ. कीर्तनकाराचा गळा धरू नाय." रामेश्वर हसला, आणि डोळे पुसत गोकुळही हसला.

इंजिन निवल्यावर गंजलेल्या बोल्टांवर तेल सोडलं. एक बोल्ट हटूनच बसला. त्याला बाहेरून जाळ देऊन, मागंपुढं करत चुचकारावं लागलं. मी निघालो. रामेश्वरनं माझी जागा खरवडून साफ केली, नवं पॅकिंग लावलं आणि माझ्याच घडणीचा नवा भाऊ बसवला. मधले बोल्ट आधी, कडेचे मागून, थोडे थोडे आवळत. इंजिन सुरू झालं तेव्हा मी जमिनीवर पडून ऐकत होतो. एवढी आग, आणि बाहेर नुसती शांत गुरगुर! मला दुःख करायचंही सुचलं नाही.

भंगारात टाकायला गोकुळचा जीव होईना. पोत्यात गुंडाळून त्यानं मला हौद्यात ठेवलं. म्हणून काल्याच्या दिवशी मंडपाबाहेर मीही हजर होतो. महाराज या वेळी पुढं बसून आले होते. ते उभे राहिले तशी आवडाबाईंनी ज्येष्ठमधाची पुडी मुठीत घट्ट धरली. पहिलं नाम जरा चाचपडत आलं. दुसरं सरळ वर चढलं, आणि चढतच राहिलं. माझ्या पोकळ अंगात ते असं घुमलं की वाटलं, ज्या वाटेनं जन्मभर धूर गेला, त्याच वाटेनं आज देव चालला.

कीर्तन सरलं तरी महाराजांनी वीणा उतरवली नाही. पुढच्या वर्षीचा काला त्यांनी तिथंच मागून घेतला.

मित्रांनो, राबणाऱ्या यंत्राचा सूर बदलला तर त्याचं कौतुक जरूर करा, पण बोनेट उघडून बघा. आणि आपलं गाणारं माणूस गप्प झालं, तर त्याच्या वयावर बोट ठेवण्याआधी एवढंच बघा, की ते श्वास कुठला घेतंय.