पेन्सिल मुलांच्याच हातात

"बेरिल, पेन्सिल ठेव खाली."

"अगं, नुसतं एक वाक्य नीट करतेय. तू जा, तुझी पुस्तकं लाव."

मी गेले. वाचनालय माझ्या ताब्यात असलं तरी मंगळवारचा गृहपाठाचा वर्ग बेरिलचा. त्याला नियम एकच, आणि तोही तिनंच घातलेला: पेन्सिल मुलांच्याच हातात राहील. मोठ्यांनी ऐकायचं, विचारायचं, फार तर बिस्किटं वाटायची. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म घालवलेली ही बाई. पोरांच्या तोंडात घास कोंबून ती जेवत नाहीत, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. म्हणूनच त्या दिवशी मला नवल वाटलं.

समोर ऑस्टेया बसली होती. दहा वर्षांची, लिथुएनियाची. आई आमच्याकडे कोबीच्या शेतांवर कामाला. उन्हाळ्यात तिकडे गावी आजी वारली, आणि तोडणी ऐन भरात म्हणून आईला रजा मिळाली नाही. मायलेकींना आजीचं तोंडही दिसलं नाही. आता शाळेनं निबंध दिला होता, आठवण येणाऱ्या माणसावर. सर्वांत चांगला निबंध सुगीच्या प्रार्थनेला चर्चमध्ये वाचायचा, आणि तो आपलाच असायला हवा असं या पोरीनं मनाशी धरलं होतं.

"आम्ही आजीला फुलं नाही नेली, मिस," ती बेरिलला म्हणाली होती. "मी चर्चमध्ये वाचणार. मग आजीचं पण चर्च झालं."

तिनं लिहिलं होतं ते इतकंच: 'माझ्या आजीकडे गाय होती. आजीच्या हातांना कांद्याचा वास. आजी मेली, गाय विकली.' पुढे काही सुचेना, म्हणून पेन्सिल चावत बसली.

"एवढ्यावर कोण निवडणार गं हिला?" बेरिल नंतर मला म्हणाली. "माझ्यानं बघवेना."

मग खोडरबर फिरलं. बेरिल लिहीत गेली आणि पोरीनं ते घरी नेऊन चांगल्या अक्षरात उतरवलं. मिसला इंग्रजी येतं, आपल्याला येत नाही, एवढंच तिला कळत होतं. निबंध निवडला गेला.

प्रार्थनेच्या दिवशी चर्चमध्ये सुगीची भेट म्हणून लोकांनी आणलेले भोपळे, पाव आणि वाटाण्याचे डबे मांडले होते. ऑस्टेयाची आई पहिल्या बाकावर, शेजारणीचा कोट मागून घालून आलेली. तिला इंग्रजी जेमतेम. तिच्या बाजूला बेरिल, मुद्दाम केस सेट करून.

पोर वाचू लागली. आजीची बाग आली, दारातलं लव्हेंडर आलं, त्याचा वास येणारे आजीचे रुमाल आले. बायका डोळे पुसायला लागल्या. मला मात्र बसवेना, कारण ते रुमाल माझ्या ओळखीचे होते. बेरिलच्या आईचे होते ते. आम्ही लहानपणापासून शेजारी.

ऑस्टेया मध्येच थांबली. तिनं कागदाकडे पाहिलं, मग आईकडे.

"ही माझी आजी नाही," ती हळूच म्हणाली. "ही छान आजी आहे. माझी कांद्याची होती."

कागदाची घडी करून ती जागेवर जाऊन बसली. आईला काहीच कळलं नव्हतं. लेकीचं वाचून झालं असं समजून तिनं एकटीनं टाळ्या वाजवल्या.

बाहेर फाटकापाशी बेरिलनं त्यांना गाठलं. ऑस्टेया म्हणाली, "थँक यू, मिस," आणि आईचा हात धरून निघून गेली. त्यानंतर ती वर्गाला आली नाही.

"मी तिची आजी खोडली गं," बेरिल म्हणाली. "अख्खी बाई होती त्या तीन ओळींत, आणि मी खोडली."

असं काही नसतं, असं म्हणायला हवं होतं मी. म्हणवलं नाही, कारण तसंच झालं होतं. वाईट वाटलं मला तिच्यासाठी, आणि रागही आला.

मंगळवारी बेरिल अजून येते. दार वाजलं की वर बघते, मग पुन्हा समोरच्या पोराकडे वळते. परवा एक चिमुरडी कुत्र्यावर लिहिताना अडली. एक ओळ झाली होती आणि पुढचं काही येत नव्हतं.

"मग?" बेरिलनं विचारलं.

चिमुरडी पेन्सिल चावत राहिली. बेरिल वाट बघत बसली, दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून.